बनगाव १९७१: पटकी, पेशीपटल आणि न बिघडलेलं एक दार

२४ जून १९७१ रोजी डॉ. दिलीप महालनबीस आपलं पथक घेऊन कलकत्त्याहून बनगावला पोचले. पश्चिम बंगालमधलं हे सीमेवरचं गाव. पलीकडे पूर्व पाकिस्तान, म्हणजे जन्माला येऊ घातलेला बांगलादेश. मार्चअखेरपासून माणसांचे लोंढे सीमा ओलांडत होते. वर्ष सरेपर्यंत भारतात आलेल्या निर्वासितांचा आकडा एक कोटीच्या घरात गेला. एकट्या बनगावच्या परिसरात साडेतीन लाखांच्या आसपास माणसं होती. पावसाळा तोंडावर, प्यायच्या पाण्याची आबाळ, आणि त्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ.

तिथल्या रुग्णालयात पटकीच्या रुग्णांनी दोन खोल्या भरल्या होत्या. रुग्ण जमिनीवरच पडलेले. शीर शोधून सलाईन लावायची तर उलट्या-जुलाबांनी भरलेल्या फरशीवर गुडघे टेकावे लागत, असं महालनबीस यांनी पुढे सांगितलं आहे. शिरेतून द्रव देण्याचं शिक्षण झालेले पथकात दोघेच. दोन दिवसांत त्यांना कळून चुकलं की ही लढाई हातची चालली आहे. एक तर सलाईन पुरेशी नव्हती, आणि असती तरी ती लावायला माणसं नव्हती.

हिशेब मांडला की अडचण दिसते. जोराची पटकी झालेल्या मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. पन्नास किलोच्या माणसाचं पाच लिटर पाणी गेलं की वजनाचा दहावा हिस्सा गेला. डोळे खोल जातात, नाडी लागत नाही, आणि माणूस काही तासांत दगावतो. ती तूट भरून काढायलाच अर्ध्या लिटरच्या दहा बाटल्या हव्यात. शिवाय जुलाब चालूच असतात, म्हणजे पुढच्या बाटल्या वेगळ्या.

महालनबीस यांनी ठरवलं की सलाईन राखून ठेवायची ती ज्यांची नाडीच लागत नाही अशांसाठी. बाकीच्यांना, आणि शुद्धीवर आल्यावर याही रुग्णांना, मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज घातलेलं पाणी तोंडाने पाजायचं. ते पाजणार कोण, तर रुग्णाची आई, भाऊ, बायको, जो जवळ असेल तो.

आज हे ऐकून कुणाला फार काही वाटणार नाही. ओआरएसची पुडी, सरकारी भाषेतली जलसंजीवनी, गावोगावच्या आरोग्य केंद्रात मिळते. पण १९७१ मध्ये असं पाणी दिलं जात होतं ते ढाका आणि कलकत्त्याच्या संशोधन वॉर्डांत. तिथे रुग्णाच्या प्रत्येक जुलाबाचं माप घेतलं जाई आणि शेजारी सलाईनचा स्टँड तयार असे. निर्वासितांच्या छावणीत, अप्रशिक्षित नातेवाइकांच्या हातून हा उपचार करणं म्हणजे मोठं धाडस होतं. ते अंगाशी आलं नाही याचं कारण आतड्यातल्या पेशींच्या पटलात आहे.

पटल: मेदाचे दोन पदर आणि त्यात रुतलेली प्रथिनं

शाळेत आपण ‘निवडक्षम पारपटल’ हा शब्द पाठ करतो, बटाट्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात टाकतो, परासरणाची व्याख्या लिहितो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. त्यामुळे डोक्यात चित्र राहतं ते चाळणीचं: बारीक ते गेलं, जाड ते अडलं. या चित्राने बनगाव समजत नाही. चाळणी फाटली तर सगळंच गळायला हवं, आणि पटकीत तसं होत नाही.

पेशीपटलाचा पाया म्हणजे फॉस्फोलिपिड रेणूंचे दोन पदर. प्रत्येक रेणूचं डोकं पाण्याला धार्जिणं, शेपट्या तेलकट. दोन्ही पदरांची डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. हे सगळं मिळून जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. दोन पदरांची ही कल्पना गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये मांडली. त्या मेदात प्रथिनं रुतलेली असतात आणि सगळा पडदा प्रवाही असतो, हे आज पाठ्यपुस्तकात असलेलं सिंगर आणि निकोल्सन यांचं प्रारूप १९७२ चं. म्हणजे बनगावात रुग्ण बरे होत होते तेव्हा ते छापूनही आलेलं नव्हतं.

या तेलकट मधल्या भागातून काय जातं हे मोजता येतं. पाणी जातं. सोडियमचा आयन आकाराने लहान, पण त्याच्यावर विद्युतभार असतो आणि तो पाण्याचे रेणू भोवती घट्ट धरून असतो. निव्वळ मेदाच्या पटलातून पाणी सोडियमपेक्षा साधारण अब्जपट सहज जातं. ग्लुकोजवर भार नसतो, पण रेणू मोठा आणि पाण्यात रमणारा, त्यामुळे त्याचीही गत तीच. मीठ आणि साखर दोघंही मेदापुढून हात हलवत परततात. त्यांना आत घ्यायचं तर पटलात रुतलेलं एखादं प्रथिन लागतं, आणि प्रत्येक प्रथिनाची मर्जी वेगळी.

लहान आतड्याच्या अस्तरावर अशा पेशींचा एकच थर असतो. पेशीचा वरचा चेहरा आतड्याच्या पोकळीकडे, त्यावर सूक्ष्म बोटांसारखे हजारो उंचवटे. खालचा आणि बाजूंचा चेहरा रक्ताकडे. (आतड्याचं क्षेत्रफळ टेनिस कोर्टाएवढं असतं हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या छापलं जातं. २०१४ मध्ये नव्याने केलेल्या मोजमापात ते ३० चौरस मीटरच्या आसपास भरलं, म्हणजे फार तर बॅडमिंटन कोर्टाचा अर्धा भाग. तरी एका माणसाच्या पोटासाठी कमी नाही.) दोन्ही चेहऱ्यांवर वेगवेगळी प्रथिनं असतात, आणि सगळी गंमत या वेगळेपणात आहे.

रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप असतो. येन्स स्को यांनी तो १९५७ मध्ये शोधला. नोबेल मिळायला १९९७ उजाडलं. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चून तो ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. हे अखंड चालू असल्याने पेशीच्या आत सोडियम बाहेरच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढंच उरतं. शिवाय आतली बाजू बाहेरच्या तुलनेत पन्नासएक मिलिव्होल्ट ऋण राहते. आकडा किरकोळ वाटतो. पण ५० मिलिव्होल्ट ५ नॅनोमीटरवर पसरले की मीटरमागे एक कोटी व्होल्ट होतात. बाहेरच्या सोडियमला आत ओढणारं बळ हे असं. वाट मात्र नाही. जे प्रथिन ती वाट देईल, त्याला या ओढीवर स्वार होऊन आणखी काही आत आणता येतं.

पटकी काय बिघडवते

पटकीचा जंतू आतड्याच्या पेशींत घुसत नाही, त्यांना मारतही नाही. तो वर बसून विष सोडतो. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कलकत्त्यात सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून, त्यात जंतू गाळून काढलेला द्रव सोडून हे दाखवलं. नुसत्या विषाने तो तुकडा पाण्याने टरारून फुगला.

या विषाच्या रेणूत एक कामाचा भाग आणि त्याला वाहून नेणारे पाच घटक असतात. हे पाच घटक पेशीपटलाच्या बाहेरच्या पदरातल्या जीएम१ नावाच्या साखरयुक्त मेदाला चिकटतात. एवढा मोठा रेणू पटलातून आरपार जाणं शक्यच नाही. मग पेशीच पटलाची पिशवी करून त्याला आत घेते, उलट्या वाटेने आंतर्द्रव्यजालिकेपर्यंत, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या जाळ्यापर्यंत, पोचवते, आणि बिघडलेली प्रथिनं बाहेर टाकण्याच्या पेशीच्याच यंत्रणेतून विषाचा कामाचा भाग पेशीद्रव्यात सुटतो. तिथे तो एका संदेशवाहक प्रथिनाची कळ ‘चालू’ स्थितीत अडकवून ठेवतो. सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढत राहतो आणि पोकळीकडच्या चेहऱ्यावरची क्लोराइडची वाट, सीएफटीआर नावाची, उघडी ती उघडीच. क्लोराइड बाहेर पडतं, त्याच्या ओढीने सोडियम पेशींच्या फटींतून निघतं आणि दोघांमागोमाग पाणी. वर सोडियम आणि क्लोराइड जोडीने शोषणारी नेहमीची व्यवस्थाही मंदावते. म्हणून नुसतं मिठाचं पाणी पाजून पटकीचा रुग्ण सुधारत नाही.

पटकीत आतड्याचं अस्तर सोलून निघतं, असं पूर्वी मानत. मग तोंडाने काही देणं व्यर्थच ठरतं. १९६० च्या सुमारास युजीन गँगारोसा आणि सहकाऱ्यांनी बँकॉकमधल्या रुग्णांच्या आतड्याचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर अस्तर शाबूत. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत कमी गाजलेला आणि सर्वांत महत्त्वाचा दुवा आहे. अस्तर शाबूत असेल, तर पटलातली बाकीची प्रथिनंही शाबूत असण्याची शक्यता उरते.

न बिघडलेलं दार

ऑगस्ट १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं की आतड्यात ग्लुकोज एकटं शिरत नाही, सोडियमचा हात धरून शिरतं. दोन्ही एकाच वाहकावर बसतात, आणि सोडियमची आत जाण्याची ओढ ग्लुकोजलाही आत नेते. क्रेन यांना रस होता साखर कशी शोषली जाते यात. पटकीच्या वैद्यांनी वाक्य उलटं वाचलं: साखर दिली तर सोडियम आत जाईल का?

हा वाहक म्हणजे आजचा एसजीएलटी१. एका खेपेला २ सोडियम आणि १ ग्लुकोज. आधी सोडियम बसतं, त्यामुळे ग्लुकोजची जागा तयार होते, ग्लुकोज बसलं की प्रथिन आपला आकार बदलतं आणि आतल्या बाजूला उघडतं. दोन्ही बाजू एकाच वेळी कधी उघड्या नसतात. नाहीतर सगळं भांडवल गळून जाईल. मग सोडियमला पंप रक्ताकडे ढकलतो, ग्लुकोज ग्लुट२ नावाच्या दुसऱ्या वाहकातून उतरतं, आणि त्यांच्या मागे परासरणाने पाणी जातं. पाणी पेशीतून किती आणि फटींतून किती, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. ते आत जातं याबद्दल नाहीत.

विषाने वाढवलेल्या सायक्लिक एएमपीने हा वाहक बंद पडत नाही. एकाच पेशीच्या एकाच चेहऱ्यावर एक वाट बेलगाम उघडी आणि दुसरी आपलं काम नेहमीसारखं करते आहे. बनगावच्या उपचाराची सगळी मदार एवढ्यावर होती.

या वाहकाचं जनुक १९८७ मध्ये हाती आलं. त्याच्या कुळातल्या प्रथिनाची अणूपर्यंतची रचना प्रथम दिसली २००८ मध्ये, आणि ते प्रथिन होतं एका व्हिब्रिओ जंतूचं, म्हणजे पटकीच्या जंतूच्या सख्ख्या भाऊबंदाचं. याच कुळातला एसजीएलटी२ मूत्रपिंडात असतो. मधुमेहाच्या ज्या गोळ्यांची नावं ‘ग्लिफ्लोझिन’ने संपतात, त्या त्याला अडवतात आणि साखर लघवीवाटे जाऊ देतात.

साखर-मिठाचं पाणी पाजण्याचे प्रयत्न बनगावच्या आधीही झाले होते. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्ये कलकत्त्यात १८६ रुग्णांना असं पाणी देऊन निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. पण तुलनेला दुसरा गट नव्हता आणि कारणमीमांसाही नव्हती, म्हणून कुणी फार लक्ष दिलं नाही. पुढे मनिलात जास्त तीव्र द्रावण वापरल्याने घात झाला. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी जेवढे जुलाब तेवढं पाणी असा काटेकोर हिशेब ठेवून दाखवलं की शिरेतून द्यायच्या द्रवाची गरज ८० टक्क्यांनी घटते.

पाककृती

बनगावचं द्रावण असं: एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. पोटॅशियम मुद्दाम घातलं नाही. कमीत कमी जिनसा, कुठल्याही बाजारात मिळणाऱ्या.

हे आकडे अंदाजपंचे नाहीत. ३.५ ग्रॅम मिठातून ६० मिलिमोल सोडियम आणि तेवढंच क्लोराइड मिळतं. सोड्यातून ३० मिलिमोल सोडियम आणि ३० बायकार्बोनेट, जे जुलाबांतून निघून गेल्याने रक्त आम्ल झालेलं असतं. बाजारातलं ग्लुकोज पाण्याचा एक रेणू सोबत बाळगतं, तो वजनात धरला की २२ ग्रॅम म्हणजे १११ मिलिमोल. सगळं मिळून लिटरमागे साधारण २९१ कण-मिलिमोल. आपल्या रक्ताचा आकडा २८५ ते २९५ च्या दरम्यान. म्हणजे द्रावण आतड्यात उतरल्यावर ना रक्तातून पाणी ओढून घेणार, ना रक्तात पाणी फेकणार. शोषणाचं काम पूर्णपणे वाहकावर सोपवलेलं.

वाहक २ सोडियममागे १ ग्लुकोज घेतो, मग द्रावणात ग्लुकोज सोडियमपेक्षा जास्त का? कारण पटकीच्या आतड्यात सोडियमची वाण नसते, ते रक्तातून सतत झिरपत असतं. तुटवडा ग्लुकोजचा असतो. पण म्हणून ग्लुकोज वाढवत नेलं तर वाहकाची क्षमता संपते, उरलेली साखर पोकळीतच राहते आणि उलट पाणी ओढते. मनिलाचा धडा तो होता.

कलकत्त्याच्या संशोधन केंद्रातल्या ग्रंथालयाची खोली रिकामी करून तिथे कारखाना थाटला. मीठ, सोडा, ग्लुकोज तोलायचं, ४ लिटरच्या आणि १६ लिटरच्या मापाने प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचं, गरम इस्त्री फिरवून तोंड बंद करायचं, वर कसं विरघळवायचं याची चिठ्ठी. खर्च लिटरमागे ११ पैसे. बनगावात ते पिंपांत कालवलं जाई आणि नातेवाईक भांडी भरून नेत. सलाईन नाही म्हणून लोक बिथरू नयेत यासाठी त्याला ‘ओरल सलाईन’, तोंडाने घ्यायची सलाईन, असंच म्हटलं गेलं.

किती पाजायचं, हा प्रश्न तहानेवर सोडला होता. ज्याच्या अंगात पाण्याची तूट आहे त्याला तहान लागते. तूट भरली की माणूस भांडं बाजूला सारतो. डॉक्टरांच्या हातातलं मोजमाप इथे रुग्णाच्या शरीरानेच घेतलं. तान्ह्या मुलांचं आणि ग्लानीत असलेल्यांचं तसं नसतं, त्यांना सोबतचं माणूस घोट घोट पाजत असे.

आकडा आणि त्याची किंमत

आठ आठवड्यांत सुमारे ३,७०० रुग्णांवर उपचार झाले. मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्के. त्याआधी छावण्यांतल्या पटकीत ते ३० टक्क्यांच्या आसपास सांगितलं जात होतं. १९७३ मध्ये हे सगळं अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

या तुलनेत खोट काढता येते. एकाच वेळी दोन गट करून, एकाला पाणी आणि दुसऱ्याला दुसरं काही, असा हा प्रयोग नव्हता. ३० टक्क्यांतले रुग्ण आणि ३.६ टक्क्यांतले रुग्ण सारखे आजारी होते याची खात्री देता येत नाही. साथीच्या उतारावर सौम्य रुग्ण वाढतात, शिवाय अत्यवस्थ रुग्णांना सलाईन मिळतच होती. हे आक्षेप तेव्हाही घेतले गेले. तरीही मला बनगावचा पुरावा भक्कम वाटतो. ढाक्याच्या वॉर्डांनी हे द्रावण शोषलं जातं हे आधीच मोजून दाखवलं होतं, आणि त्यामागचं कारण प्रयोगशाळेत हाती आलं होतं. बनगावला सिद्ध करायचं होतं ते एवढंच की हे डॉक्टरांशिवाय, चिखलात, गर्दीत जमतं. त्या प्रश्नाला दुसऱ्या गटाची फारशी गरज नाही. नाडी नसलेल्या शेकडो माणसांपुढे तो गट करणं नीतीलाही धरून झालं नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ यांनी बनगाव पाहिलं आणि पुढे संघटनेत या उपचाराचा पाठपुरावा केला. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने अग्रलेखात सोडियम-ग्लुकोज जोडीच्या शोधाला विसाव्या शतकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. बांगलादेशात ‘ब्रॅक’ संस्थेच्या बायकांनी १९८० च्या दशकात घरोघर जाऊन तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ यांचं माप शिकवलं. महालनबीस १६ ऑक्टोबर २०२२ रोजी कोलकात्यात वारले. पद्मविभूषण २०२३ मध्ये, मरणोत्तर.

द्रावण पुढे कसं बदललं

पुढच्या सूत्रात पोटॅशियम आलं आणि बेरीज ३३१ वर गेली, रक्तापेक्षा थोडी जास्त. दमट हवेत सोड्याची पुडी टिकत नसे, म्हणून १९८० च्या दशकात सोड्याऐवजी सायट्रेट आलं. २००२ मध्ये ग्लुकोज आणि सोडियम दोन्ही ७५ मिलिमोलवर उतरवून बेरीज २४५ केली. लहान मुलांच्या साध्या हगवणीत हे पातळ द्रावण जुन्यापेक्षा सरस ठरतं, उलट्याही कमी होतात. मोठ्यांच्या पटकीत मात्र सोडियम कमी पडेल का, ही शंका तज्ज्ञांनी घेतली आणि अशा रुग्णांवर लक्ष ठेवायला सांगितलं.

भाताची पेज या हिशेबात फार चपखल बसते. स्टार्चचा एक भलामोठा रेणू परासरणाच्या दृष्टीने एकच कण. आतड्यात तो हळूहळू तुटतो आणि पटलालगतच ग्लुकोज सुटतं, वाहक ते लगेच उचलतो. तांदळाच्या पिठाचं मीठ घातलेलं द्रावण पटकीत जुलाबांचं प्रमाणही कमी करतं, हे ढाक्याच्या चाचण्यांत दिसलं आहे. कोकणात आजारी माणसापुढे मीठ घातलेली पेज येते तेव्हा एसजीएलटी१ ला त्याचं काम मिळालेलं असतं.

उलट टोकाला थंड पेयं. कोलात लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर आणि सोडियम नावापुरतं. जुलाब होणाऱ्या मुलाला ते पाजणं म्हणजे आतड्यात पाणी ओढून आणणं. दुकानात ओआरएस असं ठळक लिहिलेले गोड डबे बरीच वर्षं मिळत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, ठरलेल्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांना ते नाव वापरायला मनाई केली. पुडी हाताशी नसेल तर घरी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखरेचा रेणू आतड्याच्या पटलावरच फुटून अर्धा ग्लुकोज होतो, तो वाहकाला चालतो.

पुडीची एक अडचण बनगावपासून तशीच आहे. ती जुलाब थांबवत नाही. क्लोराइडची वाट उघडीच राहते. विषाने जखडलेली पेशी तीन ते पाच दिवसांत गळून नवी येते तोवर पाणी जातच राहतं. द्रावण फक्त जाणाऱ्याची भरपाई करतं. पण पालकांना जुलाब थांबलेले पाहायचे असतात, आणि पुडी पाजूनही लंगोट भिजतच राहिले की ते दवाखान्यात येऊन सलाईन मागतात. २००४ पासून ओआरएसच्या जोडीला १० ते १४ दिवस जस्ताच्या गोळ्या सुचवल्या जातात. त्यांनी जुलाबांचा काळ थोडा आखडतो, त्यामुळे पुडी आणि गोळ्या एकत्रच हातात देण्याची पद्धत पडली.